लहान बँडसाठी डिजिटल मिक्सर: १६ चॅनेल पुरतील का?

मंद्रमध्य
जाणकारांनी प्रकाश टाकावा. पाच जणांचा बँड: ड्रम, बेस, गिटार, कीबोर्ड आणि मुख्य गायिका. बेसवाला आणि गिटारवाला कोरसही गातात. शंभर-दोनशे माणसांचे हॉल, वेगळा साउंड इंजिनियर नाही, मिक्स बँडनेच सांभाळायचा. सध्या १२ चॅनेलचा ॲनालॉग मिक्सर आहे, त्याला ऑक्स (वाजवणाऱ्यांसाठी वेगळा मिक्स बाहेर काढायची वाट) दोनच. डिजिटल घ्यायचं नक्की आहे, अडलंय ते दोन गोष्टींवर:
१. १६ चॅनेल पुरतील की थेट ३२ चा घ्यावा?
२. फेडरवाला (आवाज वर-खाली करायच्या सरकत्या पट्ट्यांचा) घ्यावा की टॅबलेटवर चालणारा बिनफेडरचा डबा?
ब्रँडयुद्ध नको, कारणं हवीत.

तिसरी घंटा
ब्रँडयुद्ध नको म्हणालात, म्हणजे ते होणारच. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

वायरगुंडाळे
प्रश्न उलट्या बाजूने धरलाय. आधी आउटपुट मोजा, इनपुट नंतर. पाच जणांच्या बँडला इनपुट कमी पडले तर एखादा ओव्हरहेड माइक काढून भागतं. मॉनिटर (स्टेजवरच्यांना आपला आवाज ऐकवणारे स्पीकर किंवा इअरफोन) कमी पडले तर दोघांना एकच मिक्स ऐकावा लागतो. मग ड्रमरला बेस वाढवून हवा असतो, गायिकेला तोच नको असतो, आणि साउंड चेक संपतच नाही.

प्रत्येक माणसाला स्वतःचा मिक्स द्यायचा तर पाच ऑक्स लागतील. कोणी स्टीरिओ इन-इअर (कानात घालायचा मॉनिटर) वापरणार असेल तर त्या माणसामागे दोन. सब (खर्जाचा स्पीकर) वेगळ्या ऑक्सवरून चालवणार असाल तर आणखी एक. ही बेरीज कागदावर मांडा, मग मिक्सर बघा. बाजारातले बरेच डबे याच बेरजेत गळतात.

फेडरबहाद्दर
वायरगुंडाळेंशी सहमत. म्हणूनच सरळ बेहरिंगरचा एक्स३२ रॅक घ्या. १६ माइक प्रीॲम्प (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारे), १६ बस (चॅनेल एकत्र करून बाहेर पाठवणाऱ्या वाटा). विषय संपला.

उलटा फेज
संपला नाही. १६ बस म्हणजे १६ मॉनिटर नव्हेत. कारखान्यातून येताना १३ ते १६ या बस इफेक्टकडे लावलेल्या असतात. रिव्हर्ब-डिले हवाच असतो, म्हणजे हातात उरल्या १२. आता मागची बाजू बघा: रॅकला एक्सएलआर आउट ८. त्यातले दोन मेन डावा-उजवा खातात, राहिले ६. पुढचे मॉनिटर ऑक्स आउटच्या जॅकवरून काढावे लागतात. ते निघतात, पण राउटिंगच्या पानावर जाऊन हाताने लावायचं आणि त्या केबल वेगळ्या बाळगायच्या.

दुसरी मेख ग्राफिक ईक्यूची (आवाजाच्या ठरावीक पट्ट्या कमी-जास्त करणारा). एक्स३२ वर ३१ पट्ट्यांचा ग्राफिक हवा तर इफेक्टचा एक स्लॉट जातो. दुहेरी प्रकार घेतला तर एका स्लॉटमध्ये दोन बस निघतात. बसवर ६ बँडचा पॅरामेट्रिक (हवी ती पट्टी निवडता येणारा ईक्यू) असतोच आणि सरावलेल्या माणसाला तो पुरतो. उलट त्याच कंपनीच्या एक्सआर१८ सारख्या लहान डब्यात प्रत्येक ऑक्सला ग्राफिक आतच मिळतो, इफेक्टचे चारही स्लॉट मोकळे राहतात. वर त्यात इफेक्टचे सेंड सहा ऑक्सपासून वेगळे आहेत. मोठा मिक्सर म्हणजे सगळंच जास्त असं नसतं.

ढोबळमान
नावातल्या आकड्यावरही जाऊ नका. एक्सआर१६ मध्ये माइक प्रीॲम्प ८ आणि एक्सआर१२ मध्ये फक्त ४, बाकीचे लाइन इनपुट (कीबोर्डसारख्या जोरदार सिग्नलसाठी). एक्सआर१८ मध्ये १६ माइक आणि २ लाइन. साउंडक्राफ्टच्या यूआय२४आर मध्ये माइक २०, लाइन २, आणि पेनड्राइव्हवरून वाजणारे २ धरून २४ होतात. खोक्यावरचा आकडा वाचून माइकचा हिशेब करणारा माणूस पहिल्याच लाइन चेकला फसतो.

खरखर
नवशिक्याचा प्रश्न: हे सगळं ॲनालॉगवर होत नाही का? सहा ऑक्सचा ॲनालॉग घेतला की झालं. बुटायला वेळ नाही, वायफायची कटकट नाही, बटण फिरवलं की आवाज बदलतो.

वायरगुंडाळे
होतं. पण प्रत्येक मॉनिटरला ग्राफिक ईक्यू, मेनला एक, गायकांना कॉम्प्रेसर, दोन इफेक्ट, शिवाय स्टेजपासून मिक्सरपर्यंत जाडजूड मल्टीकोर (अनेक माइकच्या तारा एकत्र असलेली केबल). त्या रॅकचं वजन उचलायला सहावा माणूस लागेल. डिजिटल डबा स्टेजवरच राहतो, मल्टीकोर वाचतो. शिवाय सीन (सगळ्या सेटिंगचा संच) सेव्ह करता येतो. तोच बँड, तेच माइक, त्याच जागा असतील तर पुढच्या कार्यक्रमाला ऐंशी टक्के काम आधीच झालेलं असतं.

फेडरबहाद्दर
सीनबद्दल एक सावधगिरी. सीनमध्ये गेनही (प्रीॲम्प सिग्नल किती वाढवतो ते) साठतो. मागच्या हॉलचा सीन उघडला आणि मधल्या काळात गायिकेने माइक बदललेला असेल, तर जुना गेन थेट नव्या माइकवर बसतो आणि पहिल्याच ओळीला शिट्टी (फीडबॅक). सीन उघडताना मेन आणि ॲम्प बंद ठेवा. आणि कार्यक्रम चालू असताना गाण्यागणिक सीन बदलणार असाल, तर गेन, फँटम (मिक्सरमधून माइकला मिळणारी वीज) आणि मॉनिटर सेंड ‘रिकॉल सेफ’ मध्ये टाका. मग सीन त्यांना हात लावत नाही.

आडनाव नको
टॅबलेटबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून. बिनफेडरचा डबा म्हणजे मिक्सर + राउटर + टॅबलेट. तिन्हींपैकी सगळ्यात कच्चा दुवा राउटर.

एक्सआर१८ च्या पोटातलं वायफाय २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. रिकाम्या हॉलमध्ये साउंड चेकला सगळं झकास चालतं. मग दोनशे माणसं खिशात दोनशे फोन घेऊन येतात. शिवाय माणसाच्या शरीरात पाणी, ते ही लहर शोषतं. टॅबलेट मागच्या रांगेत आणि डबा स्टेजवर जमिनीलगत असेल, तर मध्ये माणसांची भिंतच उभी राहते.

उपाय असा:
वेगळा ड्युअल-बँड राउटर घ्या. मिक्सरवरची खटकी ‘इथरनेट’ वर करा आणि राउटरशी केबलने जोडा. टॅबलेटला ५ गिगाहर्ट्झच द्या, २.४ चं नेटवर्क बंद करून टाका. राउटरमध्ये मिक्सरला कायमचा आयपी राखून ठेवा, म्हणजे दरवेळी शोधाशोध नाही. राउटर डोक्यापेक्षा उंच, माइकच्या स्टँडला बांधून. लोखंडी रॅकच्या आत ठेवाल तर तो रॅकलाच सिग्नल देत बसेल.

टॅबलेटच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी: स्क्रीन आपोआप बंद होणं थांबवा, आणि ‘इंटरनेट नसेल तर दुसऱ्या नेटवर्कवर जा’ हा पर्याय बंद करा. या राउटरला इंटरनेट नसतं, त्यामुळे फोन शहाणपणा करून मधेच मोबाइल डेटावर उडी मारतो आणि ॲप गप्प होतं.

खरखर
म्हणजे वायफाय गेलं की आवाज गेला?

आडनाव नको
नाही. आवाज डब्यातच घडतो, टॅबलेट नुसता रिमोट आहे. जोडणी तुटली तरी शेवटची सेटिंग तशीच चालू राहते. अडचण एवढीच की त्या क्षणी शिट्टी सुरू झाली तर थांबवायला हात नसतो. म्हणून स्टेजवर एक लॅपटॉप किंवा टॅबलेट इथरनेटच्या वायरने राउटरला जोडलेला असावाच. टॅबलेटला यूएसबी-इथरनेटचं पिल्लू लावता येतं.

तिसरी घंटा
थोडक्यात, वायरलेस मिक्सर नीट चालवायचा तर वायर लागते. नोंद घेतली. हलके घ्या.

फेडरबहाद्दर
म्हणूनच फेडर! बोट ठेवलं की काम. ड्रमर आणि कीबोर्ड एकदम खाली, गाणं वर: दोन हातांनी एका सेकंदात होतं. टॅबलेटवर आधी पान शोधा, मग फेडर शोधा, मग बोट घसरलं म्हणून परत.

उलटा फेज
हा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, फक्त या बँडला लागू नाही. फेडरसमोर उभा राहायला माणूस कोण? पाचही जण स्टेजवर वाजवत असतील तर मोटराइज्ड फेडरचा मिक्सर हॉलच्या मागे नुसता लुकलुकत बसणार. स्टेजवर ठेवलात तर जागा खाणार. गिटारवाल्याच्या स्टँडला अडकवलेला टॅबलेट निदान हाताशी असतो. वेगळा इंजिनियर येणार असेल त्या दिवशी फेडरचं ऐकू. मधला रस्ता म्हणून ॲलन अँड हीथची सीक्यू मालिका किंवा यामाहाचा डीएम३ बघता येतील, दोन्ही २०२३ सालची. सीक्यूच्या टी मॉडेलना अंगावरच टचस्क्रीन आणि फिरवायचे नॉब आहेत, डीएम३ ला टचस्क्रीन आणि थोडे फेडर. वायफाय गेलं तरी हात बांधले जात नाहीत, हा त्यांचा खरा फायदा.

ढोबळमान
अवांतर: टॅबलेटवर अवलंबून राहण्याचा एक जुना धडा. २०१२ साली मॅकीचा डीएल१६०८ आला. आयपॅड थेट मिक्सरच्या खाचेत सरकवायचा, आत ३० पिनांचा कनेक्टर. त्याच वर्षी ॲपलने लाइटनिंग आणला आणि नवे आयपॅड त्या पिनांवर बसेनात. नंतर मॅकीला लाइटनिंगवाली आवृत्ती काढावी लागली. तात्पर्य म्हणून एवढं बघा की मिक्सर कोणकोणत्या यंत्रांवरून चालतो. यूआय२४आर ब्राउझरवर चालतो, ॲप लागतच नाही, त्यामुळे जुना लॅपटॉपही चालतो. बाकीच्यांचं ॲप अँड्रॉइड, आयपॅड आणि संगणक तिन्हीवर आहे का, ते घेण्याआधी स्वतः उतरवून बघा. बऱ्याच कंपन्यांचं ॲप मिक्सर नसतानाही डेमोत चालतं. तासभर त्यावर मॉनिटर मिक्स लावून बघितला तर हाताला बसतंय की नाही ते कळतं.

मंद्रमध्य
खूपच उपयोगी चर्चा, सर्वांचे आभार. इन-इअरबद्दल विचारायचं होतं. डिजिटल मिक्सरमुळे आवाज उशिरा येतो आणि गायिकेला विचित्र वाटतं, असं ऐकलंय. ९६ किलोहर्ट्झचा (सेकंदाला आवाजाचे जास्त नमुने घेणारा) घेतला तर सुटेल का?

उलटा फेज
हवेत आवाजाला १ मिलीसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जाता येतं. मिक्सरचा उशीर साधारण १-२ मिलीसेकंदांच्या घरात असतो, म्हणजे स्पीकर दोन पावलं मागे सरकवल्याइतका. गिटारवाल्याला, ड्रमरला तो कळणारही नाही.

गाणाऱ्याचं गणित वेगळं. तिचा आवाज कवटीच्या हाडांतून कानात लगेच पोचतो आणि इन-इअरमधून तोच आवाज १ मिलीसेकंदाने येतो. दोन्ही मिसळले की ५०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. उशीर २ मिलीसेकंद झाला तर खड्डा २५० ला उतरतो, आवाजाच्या भरावातच. त्यामुळे ‘माझा आवाज पोकळ येतोय’ ही तक्रार खरी असते, नखरा नसतो.

स्वस्तातला इलाज: गायिकेच्या चॅनेलची पोलॅरिटी (सिग्नलची उलट-सुलट दिशा) उलटवून तिलाच गायला लावा. दोन्हीपैकी एक स्थिती तिला भरीव वाटते, तीच ठेवा. हॉलमध्ये बसलेल्यांना फरक कळत नाही. माझं नाव यावरूनच आलंय असं समजू नका.

९६ ने उशीर कमी होतो हे बरोबर. पण माइक डिजिटल वायरलेस असेल तर त्याचे २-३ मिलीसेकंद वेगळे जोडले जातात, आणि मिक्सरमध्ये वाचवलेलं तिथे जातं. केबलचा माइक आणि ४८ किलोहर्ट्झचा मिक्सर ही जोडी त्याहून बरी.

वायरगुंडाळे
इन-इअर लावणार असाल तर बोलायचा एक माइक वेगळा ठेवा, फक्त मॉनिटरमध्ये जाणारा, मेनमध्ये बंद. कान बंद झाल्यावर बँडला एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही आणि गाण्यांच्या मध्ये सगळे मुके होतात.

खरखर
मॉनिटरला सेंड प्री-फेडर ठेवायचा एवढं माहीत आहे. तरी शिट्टी येते. का?

वायरगुंडाळे
बहुधा कॉम्प्रेसर. बऱ्याच डिजिटल मिक्सरवर प्री-फेडर म्हणजे फेडरच्या आधी पण कॉम्प्रेसरच्या नंतर. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मेकअप गेन लावला की हळू आवाज वर काढतो. गायिका गप्प असताना माइक सगळ्यात ‘उघडा’ होतो आणि समोरच्या वेजला (जमिनीवरचा तिरका मॉनिटर स्पीकर) पकडतो. त्या ऑक्सचा टॅप (सिग्नल उचलायची जागा) कॉम्प्रेसरच्या आधीचा करा.

दुसरं कारण गेन. बँडचा मिक्स आणि मॉनिटर एकाच प्रीॲम्पवर उभे आहेत. मधेच कोणी गायिकेचा गेन ६ डीबी वाढवला की तिचा आवाज पाचही मॉनिटरमध्ये ६ डीबी वाढतो. साउंड चेक झाला की गेनला हात लावायचा नाही. मीटरवर सरासरी उणे १८ डीबीच्या आसपास, मोठ्या ओळीला उणे १० ते उणे ६, यापुढे नको. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काही नसतं, थेट फाटतं.

आणि तिसरं, वेजची जागा. कार्डिऑइड माइकची पाठ सगळ्यात बहिरी, तिथे वेज बरोबर समोर चालतो. सुपरकार्डिऑइडची बहिरी जागा पाठीपासून बाजूला सरकलेली असते, समोरून सुमारे १२५ अंशांवर. त्याला वेज किंचित डावी-उजवीकडे हवा. माइक बदलून वेज तिथेच ठेवणारे पुष्कळ.

शिट्टी काढायची पद्धत: गाण्याच्या माइकला १०० हर्ट्झच्या आसपास लो-कट, बाकी सगळे चॅनेल म्यूट, एकाच वेजचा सेंड हळूहळू वाढवा. घुमायला लागलं की ॲनालायझरवर उभा राहिलेला खांब बघा, त्या ऑक्सच्या ईक्यूत तिथे ३ ते ६ डीबी कापा. परत वाढवा. तीन-चार कापांपर्यंत ठीक. पाचवा काप लागत असेल तर कापू नका, वेज हलवा. नाहीतर आवाज मातीसारखा होतो. शेवटी सेंड ६ डीबी खाली आणून सोडा.

तिसरी घंटा
+१. वाचनखूण साठवली आहे. आता विजेबद्दल कोणीतरी बोला, म्हणजे धागा पूर्ण.

आडनाव नको
मीच बोलतो. ॲनालॉगची वीज क्षणभर गेली तर आवाज क्षणभर जातो. डिजिटल मिक्सर परत उठायला अर्धा मिनिट ते मिनिटभर घेतो, राउटर त्याहून जास्त. तेवढा वेळ स्टेजवर शांतता. मिक्सर आणि राउटर, दोघांनाच लहान यूपीएसवर ठेवा. रॅक डबा आणि राउटर मिळून सहसा १०० वॉटच्या आत असतात, त्यामुळे लहानसाच पुरतो. ॲम्प आणि पॉवर्ड स्पीकर त्यावर अजिबात नकोत. सुरू करताना मिक्सर आधी, स्पीकर शेवटी. बंद करताना उलट. आणि फर्मवेअर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अपडेट करू नये, आधी सीन पेनड्राइव्हवर किंवा टॅबलेटवर उतरवून घ्यावेत.

खरखर
बँडमधल्या प्रत्येकाने आपला मॉनिटर आपल्या फोनवरून लावावा, हे कितपत चालतं?

ढोबळमान
झकास चालतं, जोवर प्रत्येकाच्या फोनवर फक्त त्याचाच मिक्स दिसतो. यामाहाचं मॉनिटरमिक्स, प्रीसोनसचं क्यूमिक्स याचसाठी आहेत. पूर्ण मिक्सरचं ॲप पाचही जणांना दिलंत, तर गिटारवाला स्वतःला वाढवतोय असं समजून मेनमध्ये वाढवेल. ब्राउझरवाल्यात पानांना मर्यादा आणि पासवर्ड लावता येतात, ते लावाच.

मंद्रमध्य
वायरगुंडाळेंनी सांगितलं तसं कागदावर मांडलं.

इनपुट: किक, स्नेअर, ओव्हरहेड २ = ४. बेस डीआय (वाद्य थेट मिक्सरला जोडणारा डबा) १. गिटार ॲम्पचा माइक १. अकूस्टिक गिटार डीआय १. कीबोर्ड २. गाण्याचे माइक ३. झाले १२. बॅकिंग ट्रॅक २, क्लिक (ताल धरायची टक-टक) १, बोलायचा माइक १. एकूण १६.

आउटपुट: ड्रमर इन-इअर मोनो १. कीबोर्ड इन-इअर मोनो १. बेस वेज १. गिटार वेज १. गायिका इन-इअर स्टीरिओ २. एकूण ६, मेन वेगळे. सब मेनवरून, स्पीकरच्या क्रॉसओव्हरने.

१६ ला १६ आणि ६ ला ६. एक्सआर१८ मध्ये काठोकाठ बसतंय ना?

वायरगुंडाळे
बसतंय, पण काठोकाठ म्हणजे एकही जागा मोकळी नाही. कार्यक्रमात एखादा प्रीॲम्प गेला तर तो चॅनेल कुठे हलवणार? निदान ट्रॅक १७-१८ च्या लाइन इनपुटवर न्या, म्हणजे दोन माइक चॅनेल सुटे राहतील. कीबोर्डवाल्याने उद्या स्टीरिओ मागितलं तर मात्र ऑक्स संपले.

उलटा फेज
त्यावर एक वाट आहे. एक्सआर१८ च्या मागे अल्ट्रानेटचं सॉकेट असतं, एका नेटवर्क केबलमधून १६ चॅनेल बाहेर काढतं. ड्रमरपाशी पी१६-एम हा छोटा मिक्सर ठेवला की तो आपला मिक्स स्वतः लावतो, स्टीरिओमध्ये, एकही ऑक्स न खर्चता. फक्त हे सॉकेट राउटरला जोडू नका. दिसतं तसंच, पण ते इथरनेट नव्हे.

किंवा यूआय२४आर घ्या: माइक २०, ऑक्सचे एक्सएलआर ८, पेनड्राइव्हवर २२ ट्रॅकचं रेकॉर्डिंग. तालमीला १६ ट्रॅक २४ बिट ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केले तर तासाला सव्वाआठ जीबीच्या आसपास लागतात. तेच परत चॅनेलमध्ये वाजवून बँड नसताना मिक्स लावत बसता येतं. ज्या बँडकडे इंजिनियर नाही त्याला याहून उपयोगी सोय नाही. पेनड्राइव्ह मात्र वेगवान हवा, फुकट मिळालेला नको.

फेडरबहाद्दर
तुमच्या यादीपुरता मी फेडरचा हट्ट सोडतो. ३२ चॅनेलची गरज नाही हेही मान्य. पण ८ ऑक्सच्या खाली जाऊ नका.

मंद्रमध्य
ठरलं. ८ ऑक्सचा डबा, वेगळा राउटर, वायरने जोडलेला एक टॅबलेट, लहान यूपीएस. क्लिक मेनमध्ये जाऊ नये म्हणून काय करायचं?

आडनाव नको
त्या चॅनेलचं मेनकडे जाणारं असाइनच काढून टाका. फेडर खाली ठेवून भागवू नका, कोणाचं तरी बोट लागतंच.

तिसरी घंटा
आणि मग दोनशे माणसांना पूर्ण गाणंभर टक-टक ऐकू येतं. टाळ्या मात्र तालात पडतात.